नैसर्गिक दगडाच्या फरशीतली भोकं घरच्या घरी कशी बुजवावीत

दगडी फरशीतलं भोक बुजवताना सगळं लक्ष भोकाच्या पोटाकडे जातं: किती खोल आहे, किती माल लागेल, घट्ट बसेल का. पण काम बिघडतं ते काठावर. काठ भुसभुशीत राहिला तर भराव सुटतो, काठावर भराव पातळ पसरला तर त्याचे पोपडे निघतात, आणि रंगात उन्नीस-बीस झालं तर तेही काठाच्या रेषेवरच दिसतं. म्हणून पुढची बरीचशी खटपट काठासाठी आहे. प्रत्यक्ष भरायला दहा मिनिटं पुरतात.

आधी भोक कसलं आहे ते बघा

ट्रॅव्हर्टाइनमध्ये भोकं जन्मजातच असतात. झऱ्याच्या पाण्यातला चुना थरांनी साचत हा दगड तयार होतो. त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे आणि शेवाळ-गवत कुजून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्या म्हणजे ही भोकं. कारखान्यात ती सिमेंट किंवा रेझिनने (कडक होणाऱ्या कृत्रिम राळेने) भरून वरून घासतात. पण काही पोकळ्या पृष्ठभागाखाली कागदाएवढ्या पातळ पापुद्र्याने झाकलेल्या राहतात. खुर्चीचा पाय किंवा टोकदार टाच तिथे पडली की पापुद्रा फुटतो आणि ‘नवीन’ भोक दिसतं. फरशी खराब निघाली असं त्यावरून समजू नका. मात्र एक भोक बुजवायला बसाल तेव्हा आजूबाजूलाही दाभणाने हलकेच टोचून बघा, तीन-चार जागा आणखी सापडतील. सगळ्या एकदमच भरा.

संगमरवर आणि ग्रॅनाइटमध्ये भोक बहुधा माणसाने पाडलेलं असतं: स्क्रूसाठी ड्रिल मारलेलं किंवा जड वस्तू पडून टवका उडालेला. संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडून पडलेला फिकट, खरखरीत डाग हा खड्डा नव्हे. तिथे भराव उपयोगाचा नाही, पॉलिशच करावं लागतं.

स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने फरशीवर ठकठक करा. आवाज भरीव आला तर पुढे जा. पोकळ आला, फरशी पायाखाली हलत असली किंवा भोकातून निघालेली भेग शेजारच्या फरशीतही गेली असली, तर दोष खालच्या थरात आहे. वरून कितीही सुबक भरलंत तरी तो भराव काही महिन्यांत सुटेल. अशी फरशी काढून पुन्हा बसवणं हाच इलाज.

दगड कोणता?

माहीत नसेल तर भोकाच्या आत, दिसणार नाही अशा जागी, व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक फेस आला तर दगड चुन्याच्या जातीचा आहे: संगमरवर, ट्रॅव्हर्टाइन, चुनखडक. कोटा आणि शहाबादीही याच घराण्यातल्या. थेंब लगेच पुसून पाण्याने धुवा. या दगडांना कुठलंही आम्ल चालत नाही. ग्राउटचा (फरश्यांच्या सांध्यांत भरायच्या सिमेंटच्या मालाचा) पांढुरका थर काढायची आम्लयुक्त द्रावणंही त्यांच्यासाठी वर्ज्य. ग्रॅनाइट आणि बहुतेक वालुकाश्मांवर फेस येत नाही. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोज मापावर संगमरवर 3 च्या आसपास, तर ग्रॅनाइट 6 ते 7. म्हणजे संगमरवरावर हाताने घासून चमक आणता येते, ग्रॅनाइटवर तो नाद सोडलेला बरा.

दुसरी चाचणी पाण्याची. फरशीवर पाण्याचा थेंब ठेवा. पाच मिनिटांत खालचा दगड गडद झाला तर त्यावर सीलर, म्हणजे पाणी-डाग मुरू न देणारा द्रव, लावलेला नाही. असा दगड भरावातला रंग आणि तेलकटपणा काठाने शोषून घेतो आणि भोकाभोवती कडं उमटतं.

भरायचं काय?

पॉलिएस्टर रेझिनची पेस्ट, जी मार्बल पुट्टी किंवा मास्टिक म्हणून मिळते, ती घरातल्या बहुतेक भोकांना चालते. हार्डनर (पेस्ट कडक करणारा दुसरा भाग) मिसळल्यावर साधारण 5 ते 8 मिनिटं काम करता येतं आणि अर्ध्या-पाऊण तासात घासण्याइतकी कडक होते. वास उग्र असतो. उन्हात पिवळी पडते, म्हणून अंगण, गच्ची, उन्हाची खिडकी इथे टाळा. ओल्या भोकात ती धरतच नाही.

इपॉक्सी जास्त चिवट. काउंटरच्या कडेचा टवका, पायऱ्यांचे काठ, जिथे धक्का बसतो तिथे इपॉक्सी घ्या. दोन भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचे, 1:1 किंवा 2:1, जे असेल ते. ‘लवकर वाळावं म्हणून थोडा हार्डनर जास्त’ हे इथे चालत नाही, जास्तीचा हार्डनर तसाच मऊ राहतो. पूर्ण कडक व्हायला बहुधा 24 तास. ऊन यालाही मानवत नाही.

सिमेंटचा भराव, म्हणजे वाळूविरहित ग्राउट, चमक नसलेल्या ट्रॅव्हर्टाइनसाठी उत्तम. भोकं पुष्कळ आणि बारीक असतील तर यासारखं स्वस्त आणि सोपं काही नाही. वाळलं की आकसतं, म्हणून दोनदा भरावं लागतं. 3 मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकांना वाळूचं ग्राउट घ्या, पण चमकदार संगमरवरावर ते घेऊ नका, पुसताना वाळू ओरखडे काढते.

टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रांना पातळ सुपरग्लू चालतो. वरून त्याच दगडाची पूड भुरभुरायची. झटपट वाळवणारा फवारा मारू नका, गोंद फसफसून पांढरा होतो.

जमवाजमव

दाभण किंवा टोकदार खिळा, जुना टूथब्रश, व्हॅक्यूम क्लीनर, अ‍ॅसिटोन, पांढरं सुती फडकं, मास्किंग टेप, प्लॅस्टिकची पुट्टी-पट्टी, नव्या दाढीच्या किंवा खरवडायच्या पत्त्या, मिसळायला काच किंवा गुळगुळीत टाइलचा तुकडा, ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, कोरडी खनिज रंगपूड, 220 नंबरपासून पुढचे (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) वॉटर पेपर किंवा हिऱ्याचे हातपॅड, नायट्राइल हातमोजे. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म घासायचा असेल तर एन-95 मास्क घ्या आणि घासा ओलंच. त्यांच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसाला घातक असते.

स्टील वूल यादीत नाही, ते मुद्दाम. त्याचे तंतू दगडाच्या छिद्रांत अडकून गंजतात आणि फिकट संगमरवरावर तपकिरी ठिपके उमटतात.

फरशी बसवताना उरलेला तुकडा घरात असेल तर शोधून काढा. रंग जुळवायला आणि पूड करायला त्यासारखं दुसरं काही नाही.

रेझिनने भरण्याची रीत

1. भोक पोखरा. दाभणाने आतला जुना भराव, मेण, माती खरवडून काढा. काठावर दाभण टेकवून बाहेरच्या बाजूला हलका दाब द्या. जो कण सुटतो तो आत्ताच सुटू द्या. भोक थोडं मोठं झालं तरी चालेल, भुसभुशीत काठ चालणार नाही. उथळ बशीसारखा खड्डा असेल तर छोट्या ड्रिलच्या खरवडणीने काठ सरळ उभा करा, निदान 2 मिलिमीटर खोल. उतरत्या काठावर भराव कागदासारखा पातळ होत जातो आणि तिथूनच उचकटतो. तळाशी भोक तोंडापेक्षा किंचित रुंद करता आलं तर सोन्याहून पिवळं.

2. धूळ ओढून घ्या. तोंडाने फुंकू नका, श्वासातली ओल आत जाते. मग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या काडीच्या कापसाने आतून पुसा. अ‍ॅसिटोन भडकन पेटतो, गॅस, देवघरातला दिवा, सिगारेट जवळ नको, खिडक्या उघड्या हव्यात. शेजारच्या जुन्या कारखानी भरावावर अ‍ॅसिटोन ओतू नका, तो मऊ पडू शकतो.

3. वाळू द्या. फरशी नुकतीच पुसली असेल तर दिवसभर थांबा. घाई असेल तर हेअर ड्रायर मंद ठेवून फिरवा, दगड नुसता कोमट व्हावा. दगड गरम असतानाच भरलंत तर रेझिन तुमच्या हातातच घट्ट होईल.

4. भोकाभोवती मास्किंग टेप लावा. काठापासून मिलिमीटरभर दगड उघडा ठेवा. टेप अगदी काठावर आली की भरावाला पायरी होते आणि टेप ओढताना काठाचा भराव तिच्याबरोबर उचलला जातो.

5. रंग जुळवा. ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आणि तिच्यात कंजूषी केली की दुरुस्ती लांबून दिसते. दगड एका रंगाचा कधीच नसतो. भोकाच्या लगतच्या दोन इंचांत जो रंग आहे तोच धरा, अख्ख्या फरशीचा नाही. रंगपूड रेझिनच्या वजनाच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवा, जास्त झाली तर भराव कमजोर होतो. पाण्यातला रंग कधीच घालू नका, रेझिन वाळत नाही. रंग आधी, हार्डनर नंतर. चिमूटभर मालात हार्डनर घालून नाण्याएवढी चकती करा. हार्डनरच्या पेस्टला स्वतःचा रंग असतो, त्यामुळे ओल्या पेस्टवरून निर्णय घेऊ नका. कडक झालेली चकती घासली की फिकट दिसते. तिच्यावर पाण्याचा थेंब चोळा, चमक आणल्यावर रंग साधारण तसा दिसेल. चमकदार फरशीशी ही ओली चकती ताडून बघा, मंद फरशीशी कोरडी. दोन छटांमध्ये अडकलात तर किंचित गडद निवडा. दगडात गडद ठिपका खपून जातो, पांढुरका मात्र डोळ्यात खुपतो.

6. माल कालवा. 10 ग्रॅम पेस्टला 0.2 ते 0.3 ग्रॅम हार्डनर, म्हणजे 2 ते 3 टक्के, साधारण वाटाण्याएवढा. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. अंदाजाने जास्त घातला तर माल तापतो, ठिसूळ होतो आणि रंग बदलतो. कमी पडला तर दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतो. हवा 30 अंशांवर असेल तर प्रमाण खालच्या टोकाला ठेवा आणि माल थोडा-थोडाच कालवा. 10 अंशांखाली हे काम काढूच नका. मिसळताना पट्टी सपाट दाबत फिरवा, फेटू नका, बुडबुडे शिरतात.

7. भरा. पट्टीच्या टोकावर थोडा माल घेऊन भोकाच्या एकाच बाजूने आत ढकला म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. काडीने तळापर्यंत टोचा. खोली सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोन थरांत भरा, एकदम भरलेला जाड गोळा तापतो आणि आकसून काठापासून सुटतो. शेवटचा थर फरशीपेक्षा मिलिमीटरभर उंच ठेवा. संगमरवरात शीर भोकातून जात असेल तर माल ओला असतानाच दुसऱ्या छटेच्या मालात टाचणी बुडवून एक अर्धवट, तुटक रेघ ओढा. पूर्ण आखीव रेघ खोटी दिसते.

8. टेप माल ओला असतानाच काढा.

9. पत्तीने छिला, आणि तेही नेमक्या वेळी. साधारण दहा ते पंधरा मिनिटांनी भराव रबरासारखा होतो. नख रुततं पण माल चिकटत नाही. ही वेळ पाच-सहा मिनिटंच टिकते. कालवलेल्या मालाचा उरलेला गोळा शेजारी ठेवा आणि चाचणी त्याच्यावर घ्या, भरावावर बोट लावू नका. नवी पत्ती दगडावर जवळजवळ आडवी धरून मधून काठाकडे नाही, तर काठाकडून आत असे बारीक पापुद्रे काढा. आधी छिललंत तर माल ओढला जाऊन खळगा पडतो. उशीर झाला तर काठाशी टवके उडतात, मग छिलण्याचा नाद सोडून वॉटर पेपरवर या.

उरलेला माल बेसिनमध्ये धुवू नका. कागदावर पसरून कडक होऊ द्या आणि मग टाका. डब्यात गोळा करून ठेवलेला माल धूर येण्याइतका तापू शकतो.

सिमेंटने ट्रॅव्हर्टाइन भरताना

इथे अर्धे नियम उलटे होतात. भोक कोरडं नको, ओलसर हवं. कोरडा दगड ग्राउटमधलं पाणी पिऊन टाकतो आणि भरावाची माती होते. फवाऱ्याने भोकं ओली करा, साचलेलं पाणी कापडाने टिपा. फरशीवर सीलर नसेल तर भोकांच्या आत न जाऊ देता पृष्ठभागावर सीलरचा एक हात आधी फिरवा आणि तो वाळल्यावर भरायला घ्या. वर रंग चढत नाही आणि आत ग्राउट धरतं. आत सीलर गेला तर काही धरणार नाही, म्हणून फडकं नुसतं दमट असू द्या.

ग्राउट टूथपेस्टसारखं घट्ट कालवा, दहा मिनिटं तसंच ठेवा आणि पुन्हा ढवळा. सैल झालं म्हणून सोपं वाटतं, पण जितकं पाणी जास्त तितकं आकसणं जास्त. रबरी पट्टीने तिरपं दाबत भरा, मग पट्टी उभी धरून जास्तीचं ओढून घ्या. 20 ते 30 मिनिटांनी चांगल्या पिळलेल्या स्पंजाने पुसा. ओथंबलेला स्पंज भोकातला माल वर ओढतो आणि रंग धुऊन काढतो. पहिला दिवस वर प्लॅस्टिक अंथरून ओल टिकवा. दुसऱ्या दिवशी भराव काठाखाली बसलेला दिसेल. तसं होणारच. त्याच मालाचा दुसरा हात द्या. वर राहिलेला पांढुरका थर कोरड्या जाड फडक्याने चोळा, व्हिनेगरने नाही.

न्हाणीघरातली ड्रिलची भोकं

भिंतीतला जुना स्क्रू काढला की आत प्लॅस्टिकची गिट्टी राहते. स्क्रू तिच्यात दोन-तीन आटे फिरवा आणि पक्कडीने दोन्ही एकदम ओढा. तुटली तर आतच ढकला, काठ फोडून काढू नका.

भिंतीमागचा जलरोधक थर ड्रिलने फुटलेला असू शकतो. म्हणून आधी मागे न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं) सिलिकॉन नळीने भरा आणि पुढचे 5 मिलिमीटर मोकळे ठेवा. सिलिकॉन पूर्ण पक्कं झालं, आणि एक दिवस तरी द्याच, की पुढचा भाग इपॉक्सीने भरा. भोकाच्या भिंतीला लागलेलं सिलिकॉन आधी खरवडून काढा, त्याच्यावर इपॉक्सी बसत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चुन्याच्या दगडाला नको. नैसर्गिक दगडासाठी असलेलंच घ्या, बाकीच्यांतलं तेल काठात झिरपून कायमचं गडद कडं पाडतं.

ग्रॅनाइटचा टवका

ग्रॅनाइटला एका रंगाची पुट्टी कधीच जुळत नाही, कारण तो दगडच ठिपक्यांचा. पारदर्शक इपॉक्सीत त्याच दगडाची जाडसर पूड मिसळा, म्हणजे काठ नजरेत येत नाही. भराव किंचित उंच ठेवून कडक झाल्यावर पत्तीने सपाट करा आणि तिथेच थांबा. पत्तीच्या धारेतून आलेली चमक पुरेशी असते. वॉटर पेपर लावलात तर इपॉक्सी धुरकट होते.

घासणं, पॉलिश, सीलर

पेपर बोटाने नाही, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. बोट मऊ भरावात रुततं आणि काठ उंच राहतो. ओलं घासा, 220 किंवा 400 पासून सुरुवात. मंद फरशी असेल तर 400 च्या आसपास थांबा. चमकदार संगमरवराला 800, 1500, 3000 असं चढत जा. प्रत्येक टप्प्यावर आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर उचलू नका, आणि मधे पुसून घ्या, एक जाड कण पुढच्या टप्प्यावर आला की पुन्हा मागे जावं लागतं. शेवटी टिन ऑक्साइडची पूड ओल्या जाड नमद्यावर घेऊन गोल-गोल चोळा. भोवतालच्या दगडाची चमक घालवायची नसेल तर त्यावर टेप चिकटवा. फक्त भरावाचीच जागा वर्तुळात घासत राहिलात तर तिथे बशी होते, तिरप्या उजेडात ती भोकापेक्षा ठळक दिसते.

सीलर शेवटी. रेझिनवर 24 तासांनी आणि सिमेंटवर निदान 72 तासांनी, किंवा डब्यावर सांगितलं असेल तेव्हा. दगडात मुरणारा सीलर फडक्याने लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, वर उरलेला कोरड्या फडक्याने पूर्ण टिपून घ्या. तसाच वाळला तर चिकट धुरकट पट्टे पडतात. पडलेच तर त्याच सीलरने ती जागा ओली करून लगेच पुसा.

जमलं नाही तर

भराव आठवड्याभरात गोळ्यासकट निघून आला तर भोकात धूळ, मेण किंवा ओल होती. निघालेला गोळा उलटा करून बघा. त्याला दगडाची पूड चिकटली असेल तर काठ भुसभुशीत होता, आणि गोळा स्वच्छ चकचकीत असेल तर ओल किंवा तेल. भराव मधोमध खचला तर एकाच थरात जास्त माल गेला, वरून पातळ थर द्या, पण आधी 220 च्या पेपरने खरडून. काठाभोवती गडद कडं उमटलं तर कोरड्या दगडाने रेझिनमधला द्रव शोषला आहे. ते पुसून जात नाही. पुढच्या वेळी पातळ मालाऐवजी घट्ट पेस्ट वापरा.

अगदीच चुकलेला भराव काढायचा असेल तर हीट गनने शेकू नका, एकाच जागी तापलेला दगड चिरतो. छोट्या ड्रिलला खरवडणी लावून मधूनच पोखरत या, काठाजवळचा मिलिमीटरभर राहू द्या आणि तो दाभणाने सोडवा.